अडखळत वाचलेलं स्तोत्र

बाबा फौजेत होते आणि आम्ही जयपूरच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहायचो. सत्त्याऐंशीच्या जानेवारीत एका सकाळी ट्रकांची रांग सरहद्दीकडे निघाली. त्यात बाबाही गेले. लढाई होणार की नाही, कुणीच सांगेना. रात्री विमानांना उजेड दिसू नये म्हणून शेजारच्या काकूंनी खिडक्यांच्या काचांवर काळा कागद चिकटवायला घेतला.

संध्याकाळच्या प्रार्थनेला पवित्र शास्त्र नेहमी बाबाच वाचत. त्या दिवशी आईने ते उघडलं आणि तसंच पुन्हा मिटलं. तिने ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू वाच."

"मला मराठी नीट वाचता येत नाही, आई. मतलब, अडखळते मी."

"अडखळत वाच."

मी देवाला मेंढपाळ म्हणणारं स्तोत्र काढलं. ते मला हिंदीत तोंडपाठ होतं, संडे स्कूलमध्ये घडाघडा म्हणून बक्षीसही मिळवलं होतं. आता एकेक अक्षर जुळवत त्यातल्या अंधाऱ्या दरीच्या ओळीपाशी आले आणि डोळ्यांसमोर बाबांचा ट्रक उभा राहिला. दरी टळेल असं तिथे म्हटलंच नव्हतं. मेंढपाळ सोबत असेल, एवढंच होतं. इतकी वर्षं म्हणूनही ते मला कळलं नव्हतं. भीती गेली नाही, पण मला पुढे वाचता आलं.

लढाई झाली नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाबा परतले. मी मात्र तोवर रोज आपणहून वाचू लागले होते, कारण ट्रक पुन्हा कधी निघतील हे छावणीत कुणालाच ठाऊक नव्हतं.