दोह्यात भेटलेल्या चौकच्या मावशी

नवरा गेल्यानंतर मी देवाशी बोलणं सोडून दिलं होतं. त्याला भांडणही म्हणता येणार नाही, कारण भांडायचं तर समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं. हे रसायनीला कारखान्यात कामाला होते. कावीळ झाली, ती उलटली आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. गार्गी तेव्हा माझ्या पोटात सहा महिन्यांची होती. मी स्वतः नर्स. कर्जतच्या दवाखान्यात आठ वर्षं दुसऱ्यांच्या माणसांसाठी धावपळ केली आणि माझ्या माणसाच्या उशाशी नुसती बसून राहिले. पुढे कुणी म्हणायचं, ‘देवावर सोड.’ मला वाटायचं, सोडलं होतं की, आणि त्यानं काय केलं?

माझी ताई आयर्लंडमध्ये कॉर्क शहरात नर्स आहे. ‘पोरीला घेऊन इकडे ये, आम्ही आहोत,’ असं ती पहिल्या महिन्यापासून म्हणत होती. गार्गीला मांडीवर घेऊन मी इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास केला. पासपोर्टच्या फोटोसाठी पांढऱ्या चादरीवर तिला निजवून, डोळे उघडे असलेला एक फोटो मिळवायला एक अख्खी सकाळ घालवली. ताईने स्वतःच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून माझ्यासाठी दोन खोल्या पाहून ठेवल्या. नोकरीचं पत्र आलं, व्हिसा आला, आणि खालापूरला सासरी मी निघायची तारीख सांगितली.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, “तू जा. मी अडवणार नाय. पण पोरीला न्हेऊ नको गं. माझ्या लेकाचं एवढंच उरलंय माझ्याजवळ.”

मी म्हटलं, “जाईन तर हिला घेऊनच जाईन.”

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नातेवाईक समजूत घालायला आले. थंडी, परका देश, बिनबापाची पोर, सगळं सांगून झालं. मी हलले नाही. एकदा जरी मागे वळले तर जन्मभर इथेच अडकेन, असं मनाने घेतलं होतं. त्या जिद्दीत सासूबाईंचं दुःख मला दिसत नव्हतं असं नाही, पण ते पाहायला मी थांबले नाही. निघायच्या दिवशी त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मी उंबऱ्यावरून नमस्कार केला आणि गाडीत बसले.

माझ्या वडिलांनी न विचारता गाडी महडच्या रस्त्याला घातली. वरदविनायकाच्या गाभाऱ्यात आपल्याला अगदी जवळ जाता येतं. गार्गीला कडेवर घेऊन मी उभी राहिले आणि मनात म्हटलं, ‘मला तुझ्याकडून काही नको. हिला तेवढं सांभाळ.’ तेही मागणं नव्हतं, ताकीद दिल्यासारखंच होतं.

विमान सुटल्यावर तासाभरात गार्गीला ओकारी झाली. मग दुसरी, तिसरी. अंग तापलं. दोह्याला विमान बदलायचं होतं, मध्ये पाच तास होते. उतरले तेव्हा ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. लंगोट विमानात बसल्यापासून कोरा होता. या लक्षणांचा अर्थ मी दवाखान्यात कितीतरी आयांना समजावून सांगितला होता. विमानतळावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं, “थोडं थोडं पाणी पाजत राहा. तीन तासांत पोटात टिकलं आणि लघवी झाली, तर पुढे जायचं पत्र देतो. नाहीतर इथेच दाखल करावं लागेल.”

मी बाकावर बसून क्षारसंजीवनीची पुडी फोडायला गेले आणि अर्धी जमिनीवर सांडली. चमचा लावला की गार्गी तोंड फिरवायची. मी पुन्हा लावायचे, ती पुन्हा ओकायची. त्या एवढ्या मोठ्या विमानतळावर आपण पोरीला मारायला घेऊन आलो, असं मनात आलं आणि तोंडातून मोठ्याने निघून गेलं, “बाप्पा, पुरे रे आता. मला नाही जमत.”

“मराठी हायेस तू? कुठची गं?”

शेजारच्या बाकावर डोक्यावर ओढणी घेतलेल्या साठीच्या बाई होत्या. मी कर्जत, खालापूर काहीतरी बोलले. “अगं, मी चौकची! तुमच्या खालापूरच्या शेजारच्या गावची!” असं म्हणत त्या उठल्या आणि पोरीला त्यांनी माझ्या हातातून सरळ काढूनच घेतलं. मी म्हटलं, “मावशी, मी नर्स आहे, मला कळतं सगळं.”

“असशील. पण आज तू नुसती आई हायेस. आईचे हात कापतात. दे तो चमचा इकडं.”

त्यांनी चमच्याच्या टोकाला थेंबभर पाणी घेऊन गार्गीच्या ओठाला लावलं आणि थांबल्या. पुन्हा एक थेंब, पुन्हा थांबल्या. घाई म्हणून नाही. मधूनमधून स्वतःचंच सांगत होत्या. मुलगी जोहान्सबर्गला असते. नात चार वर्षांची झाली, अजून मांडीवर घेतलेली नाही. आज पहिल्यांदा तिला बघायला निघाल्या होत्या. “फोटो बघून पोट भरतं व्हय गं?” त्या म्हणाल्या. मग एकदम विचारलं, “सासूला सांगितलंस, पोर आजारी हाय म्हणून?”

“त्या माझ्याशी बोलत नाहीत.”

“त्या नाय बोलत, तर तू बोल.”

मी फोन लावला. सासूबाईंचा चेहरा दिसला तशी मला रडू फुटलं. “आई, चुकलं माझं. तिला तुमच्यापासून तोडून न्यायला नको होतं मी.” त्या म्हणाल्या, “ते राहू दे. फोन तिच्या तोंडासमोर धर.” आणि तिकडे खालापुरात बसून, रोज निजवताना जशा हाक मारायच्या तशा त्या तिला हाका मारत राहिल्या. गार्गीने मान वळवली. मावशींनी तेवढ्यात चमचा आत सरकवला. या वेळी तिने गिळलं.

तिसरा तास भरत आला असताना मावशी ओरडल्या, “मुतली! मुतली गं पोर! अल्लाची मेहेरबानी!” त्यांची सलवार मांडीवर ओली झाली होती. आजूबाजूचे लोक वळून बघत होते आणि मी ‘मोरया, मोरया’ म्हणत त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. फोनवर सासूबाई विचारत होत्या, “काय झालं? कुणी सांगेल का मला?”

डॉक्टरांनी पत्र दिलं. मावशी तशाच ओल्या कपड्यांनी आपल्या विमानाकडे चालत गेल्या.

कुणाला हे सांगितलं की म्हणतात, देवच आला होता त्या रूपात. मी तसं म्हणत नाही. मावशी मावशीच होत्या, गुडघे धरून उठणाऱ्या. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे आणि ईदला मी फोन करते. पण एवढ्या गर्दीत त्या माझ्याच शेजारी का बसल्या होत्या, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, असं मला वाटायचं. जिद्द मी आजही सोडलेली नाही. रात्रपाळी करते, गार्गी तेव्हा ताईकडे निजते, इथली नर्सची परीक्षाही पास झाले. पण माझ्या हातातला चमचा कुणी मागितला तर तो द्यावा, आणि जिचं मन दुखावलं तिच्याकडे आपण होऊन जावं, हे त्या दिवशी कळलं. बाप्पाने पोरीला सांभाळलंच, पण त्याआधी माझी ताठ मान थोडी वाकवली.

सासूबाईंनी त्रेसष्टाव्या वर्षी पासपोर्ट काढला आणि या उन्हाळ्यात त्या आल्या. आता चांगलं बोलू लागलेल्या गार्गीला आजी माहीत होती ती फोनमधली, चेहऱ्यापुरती. विमानतळावर ती आधी माझ्यामागे लपली. मग पुढे होऊन तिने आजीला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं आणि आश्चर्याने म्हणाली, “आई, आजीला पाय आहेत!”

सासूबाई तिथेच फरशीवर बसल्या, पाय पसरून, आणि पोरीला मांडीवर घेतलं. ज्याने हे दाखवलं, त्याला मी मनातच हात जोडले. मीही त्यांच्या शेजारी खाली बसले.