एकेचाळीस नंबरचा दगड

अभयारण्याच्या हद्दीवर एकशे बारा दगड होते. कागदोपत्री ते सरकारचे. पण सव्वीस वर्षं दर साली डोंगर चढून जी बाई ते चुन्याने पांढरे करते आणि त्यांवर लाल आकडे घालते, तिला ते आपले वाटले तर त्यात नवल ते काय! कोरडा चुना पाठीवर न्यायचा आणि प्रत्येक दगडापाशीच कालवायचा. भिजवलेल्या चुन्याचा जड डबा घेऊन चढणार कोण? कचेरीत सगळे तिला चुनाकाकू म्हणायचे. नवरा चिडवायचा, "लावलास का अख्ख्या जंगलाला चुना?"

"लावला. तूच तेवढा राहिलायस," ती म्हणायची.

यंदा एकेचाळीस नंबरपाशी ती थबकली. दगड तोच, टवका उडालेला कोपराही तोच. पण ज्याच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्षी घरटं करायचे ते झाड दगडाच्या आत, जंगलाच्या बाजूला असायचं. आता ते बाहेर होतं. म्हणजे दगड चांगला चारशे पावलं वर सरकला होता, आणि खालची दाट झाडीची अख्खी उतरण अभयारण्याबाहेर गेली होती. त्या उतरणीच्या पायथ्याशी दगडाची खाण दोन वर्षं आ वासून बसलेली. काकूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती तशीच कचेरीत आली.

रेंजर साहेबांनी फाइलमधून मानही वर केली नाही. "काकू, दगड काय चालतात? वय झालं तुमचं, विसरता हल्ली."

"घराची किल्ली विसरते, साहेब. दगड नाही विसरत."

"उद्या मोजणीच्या बाई येतायत. जुना नकाशा वाळवीने खाल्लाय, तेव्हा दगड जिथे आहे तिथूनच नवा नकाशा होणार. मुकाट्याने रंगवा. नाहीतर कायमच्या घरी बसा."

वाळवीसुद्धा काय हुशार, नेमका तोच नकाशा खाल्ला! पण काकू रोजंदारीवर. साहेबांनी नुसतं नाही म्हटलं की संपलं.

घरी नवरा म्हणाला, "टाक ना रंगवून. आपल्याला पोट आहे."

"पोट आहे म्हणून तोंड नाही?"

सकाळी मात्र नवऱ्याने चुन्याचा आणि रंगाचा डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला. "चल, उशीर होतोय."

वर मोजणीच्या बाईंनी तिपाईवर यंत्र लावलं होतं; साहेब शेजारीच उभे होते. काकूचं म्हणणं त्यांनी नीट ऐकून घेतलं. "पण पुरावा? तुम्हाला आठवतं म्हणून मी हद्द बदलू शकत नाही."

"मग चला माझ्याबरोबर."

बाईंना आणि साहेबांना चारशे पावलं खाली आणून काकूने हातांनी पाचोळा बाजूला केला. खाली कातळ निघाला. त्यात परातीएवढा खळगा, आणि तो तळापासून काठापर्यंत पांढराशुभ्र. शेजारी ताज्या मातीने बुजवलेला खड्डा.

"सव्वीस वर्षं चुना इथे कालवलाय मी. वरच्या दगडापाशी एक शिंतोडा दाखवा, आत्ता घरी जाते."

बाईंनी छिन्नीने खळग्याची कड खरवडली. एकावर एक पापुद्रे निघत राहिले. त्या ते एकेक करून मोजत गेल्या. मग त्यांनी आपल्या माणसाला हाक मारली, "यंत्र खाली आण."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "काकू, उद्यापासून तुमचं काम बंद!"

नवऱ्याकडे बघायचा काकूला धीर होईना. पण त्याने तोवर लाल रंगाचा डबा उघडून तिच्यापुढे धरलाही होता.

"उद्यापासून ना, साहेब?" तिने कुंचला बुडवला. "आज आहे ना?"

आणि कातळावर बसकण मारून तिने हातभर उंचीचा एकेचाळीस काढला.