घुंगरं बांधलेलं पिंप

लोककथांच्या अभ्यासकाकडे किस्से आपणहून चालत येतात, अशी एक समजूत आहे. माझा अनुभव थोडा निराळा आहे. शिवारातून चालून आल्यावर पायजम्याच्या काठाला कुसळे चिकटलेली असतात ना, तसे ते असतात. आपण गेलेलो असतो देवाच्या कथेसाठी. घरी येऊन पाहावे तर कथा कुठेच नाही आणि कुसळे मात्र ढीगभर!

पाथरीहून सेलूकडे जाताना आत वळल्यावर एक गाव लागते. तिथल्या जत्रेत संध्याकाळी भुईनळे उडवतात. ते बाजारातून आणत नाहीत. गावातलीच चार हौशी माणसे करतात. परवाना गंगाधरअप्पांच्या नावावर. जोडीला शाळेत विज्ञान शिकवणारे कांबळे गुरुजी आणि चौकातले शिंपी चाँदभाई. चौथ्या म्हणजे अप्पांच्या पत्नी कौसाबाई. पण त्या स्वतःला या मंडळात धरत नाहीत. त्या म्हणतात, "मी इरोधी पक्ष हाय."

या मंडळात मी बसू लागलो तो 'जत्रेतील अग्निविधी' समजून घ्यायला. अजून समजलेला नाही.

०

पहिली गोष्ट कौसाबाईंची.

अप्पा नळा पेटवायला निघाले की कौसाबाई घराचे दार आतून लावून चुलीपुढे बसतात. नळा विझल्यावर अप्पा येऊन दारावर थाप मारतात. आतून आवाज येतो, "आधी हात दाखवा!" अप्पा खिडकीच्या गजांतून दोन्ही हात आत घालतात. कौसाबाई ते उलटसुलट करून पाहतात आणि मगच कडी काढतात. लग्न झाल्यापासून हेच चालत आले आहे.

मी हरखून गेलो. बंद दार, चूल, हस्तदर्शन! यात कोणते आदिम संकेत दडले असतील, यावर मनातल्या मनात मी एक निबंध रचला आणि अखेर त्यांनाच विचारले, "वहिनी, ही रीत तुमच्याकडे कुठून आली?"

"रीत कसली ओ साहेब? मला भ्या वाटतं!"

०

ही भीती अनाठायी नव्हती. यंदाच्या जत्रेआधी दगडी खलात नळ्याची दारू घोटताना भडका उडाला, अप्पांच्या भुवया गेल्या आणि उजवा तळवा भाजला. त्या दिवशी कौसाबाईंनी खल उचलून न्हाणीघरात पालथा घातला आणि त्यावर बसून अंघोळ केली.

"आता ह्यो पाट हाय माझा. हातानं घोटणं बंद. दुसरं कायतरी हुडका, न्हाईतर नळे बंद!"

अप्पांचे वडीलही नळे करीत, आजोबाही. यंदा नळा उठला नाही, तर पुढे कोणी उठवणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते.  अप्पा नुसते तळवा चोळत राहिले.

गुरुजींनी तोडगा काढला. आडवे ठेवलेले एक छोटे पिंप, त्याला मोटर, आणि आत जिन्नस कुटणारे जड गोळे. पिंप हळूहळू फिरत राहील आणि माणूस लांब बसून राहील. नियम दोन : प्रत्येक जिन्नस वेगळा दळायचा, एकत्र काहीही दळायचे नाही, आणि पिंप फिरत असताना कोणीही जवळ जायचे नाही.

"मंग मी काय करायचं?" अप्पांनी विचारले.

"काहीच न्हाई, अप्पा. तीच तर सेफ्टी हाय!"

अप्पांना हे पटले की नाही, ते मला शेवटपर्यंत कळले नाही.

०

नवी मोटर परवडणारी नव्हती, म्हणून आम्ही सेलूला जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. गुरुजी म्हणाले, "हळू फिरणारं कायतरी दाखवा."

दुकानदाराने एक मोटर लावली. गुरुजी म्हणाले, "याहून हळू." त्याने दुसरी लावली. "आणखी हळू." दुकानदार घामाघूम झाला. आयुष्यभर त्याच्याकडे लोक जास्त वेग मागायला आले होते.

"लोणी काढायलाव का?"

"न्हाई."

"मंग देवाचा पाळणा?"

"न्हाई ओ, कोळसा दळायचाय."

तो आमच्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन त्याने एक काळीठिक्कर, जळालेली मोटर आणली आणि गुरुजींच्या पुढ्यात ठेवली.

"ही घेऊन जा. ही फिरतच न्हाई. याहून हळू उभ्या मराठवाड्यात मिळणार न्हाई!"

शेवटी वेग कमी करणारी चाके आणि पट्टा गुरुजींनीच जुळवला.

०

यंत्र शेतातल्या मातीच्या बांधामागे बसले आणि पूजेचा प्रश्न उभा राहिला. खलाची पूजा दरवर्षी होत असे : हळदकुंकू, उदबत्ती, ओवाळणी. पण गुरुजींनी तर बांधाच्या अलीकडेच चुन्याची रेषा आखली होती. रेषेपलीकडे काडीपेटी नको, उदबत्ती नको, निरांजन नको.

"अग्नीच्या कामाची पूजा, आन् अग्नी चालत न्हाई?" अप्पा गोंधळले. मीही गोंधळलो. माझ्या माहितीत अशी पूजा नव्हती.

बराच खल झाल्यावर चाँदभाईंनी खिशातून मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि ताटात मधोमध ठेवला. "हौ, ये लेव. इसमें ठिणगी नै."

टॉर्चने ओवाळणी झाली. मला हा एकवेळचा अपवाद वाटला. पुढच्याच आठवड्यात गावातल्या एका नव्या ट्रॅक्टरची पूजा झाली, तीही टॉर्चनेच. मी कारण विचारले. मालक म्हणाला, "आमच्या गावची पद्धतच हाय तशी. पयल्यापासून!"

०

पहिल्या दळणाचा दिवस. आम्ही चौघे पुरुष लांब कडुलिंबाखाली बसलो. गुरुजींनी स्विच दाबला. बांधामुळे पिंप दिसत नव्हते आणि ते इतके हळू फिरणारे होते की आवाजही येत नव्हता. जवळ जायचे नाही, हा तर आमचाच नियम.

"फिरायलंय का?" अप्पांनी विचारले.

"फिरायलंय," गुरुजी म्हणाले.

"मला तर वाटतं थांबलंय," चाँदभाई म्हणाले.

यावर पुष्कळ चर्चा झाली. गुरुजींनी पृथ्वीचे उदाहरण दिले : तीही फिरते, पण आवाज येतो का? दुपार टळली. चहा घेऊन कौसाबाई आल्या आणि त्यांनी आम्हाला विचारले, "हितं कामून बसलाव? सकाळधरनं लाइट न्हाई गावात!"

०

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंनी आणखी दोन गोष्टी केल्या. विकलेल्या बैलाची पितळी घुंगरमाळ त्यांनी माळ्यावरून काढली आणि पिंपाला बाहेरून बांधायला लावली. फिरले की वाजणार, थांबले की गप्प. शिवाय स्विच आपल्याकडे घेतला. "तुमी भांडत बसा. ह्ये माझ्याकडं राहील."

तेव्हापासून त्या स्विच दाबत आणि आम्ही कान लावून बसत असू. छुम्... छुम्... छुम्...

एके दिवशी शेजारच्या शेतातला माणूस हातात दावे घेऊन धावत आला. "माझा बैल इकडं आलाय का?"

"बैल न्हाई, मशीन हाय," गुरुजींनी सांगितले.

"मंग घुंगरं?"

"मशीनलाच हाईत."

तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला. मग दावे खांद्यावर टाकून निघाला आणि जाता जाता म्हणाला, "चालीवरनं तर माझाच वाटायलाय!"

०

कोळसा झाला आणि अप्पा पेचात पडले. खलातला कोळसा ते बोटांच्या चिमटीत चोळून पारखत. हा इतका बारीक होता की चिमटीत काही लागेचना. अप्पा पुन्हा पुन्हा चोळत होते. चेहरा असा, जणू घरातली एखादी वस्तू हरवली आहे.

"लागंना की ओ काही. हाय का न्हाई ह्यात?"

बशीत ठेवलेला नमुना चाँदभाईंना मशेरी वाटला. त्यांनी निवांतपणे सगळे दात घासले आणि चूळ भरून निकाल दिला, "माल बारीक है अप्पा. पर तंबाखू कम पडी!"

अप्पा हसले नाहीत. मिसळण्याची, नळे भरण्याची पुढची कामे त्यांनी शेतातल्या शेडमध्ये नेहमीच्या काळजीने केली, पण गप्पगप्प.

०

जत्रेची संध्याकाळ. मोकळ्या मैदानात चुन्याची रेषा, रेषेमागे सारे गाव, मध्ये पहिला नळा. तो देवळाच्या कळसाच्या वर गेला तर वर्ष चांगले, असे लोक मानतात. आणि एक रीत आहे, ही मात्र खरीच रीत : ज्याने दळले, त्यानेच पहिला नळा पेटवायचा. वाईट झाले तरी त्याचेच.

लांब वेळूच्या टोकाला धुमसता काकडा बांधलेला होता. अप्पांनी तो हातात घेतला, क्षणभर उभे राहिले आणि परत फिरले.

"मी न्हाई पेटवत. ह्ये मी दळलेलं न्हाई."

गावात कुजबुज सुरू झाली. गुरुजी म्हणाले, "मशीननं दळलंय, अप्पा." अप्पा म्हणाले, "मंग मशीनीला सांगा." गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. परंपरेचा जाणकार म्हणून निर्णय माझ्याकडे आला होता, आणि माझ्याजवळ तो नव्हता. यंदा नळा उठतच नाही, असे सर्वांना वाटू लागले.

तेवढ्यात चाँदभाईंनी विचारले, "बटन किसके हात में था?"

 अप्पा वेळू तसाच घेऊन घराकडे चालू लागले, मागोमाग मी. दार आतून बंद होते. त्यांनी थाप मारली.

"आधी हात दाखवा!"

अप्पांनी खिडकीतून वेळूचे मोकळे टोक आत सरकवले.

पुष्कळ वेळाने कडी निघाली. कौसाबाईंनी पदर खोचला, वेळू घेतला आणि माझ्याकडे न बघता मैदानाकडे निघाल्या. रेषेजवळ त्यांचा आवाज ऐकू आला, "मागं सरा की! रेषा दिसंना का कोणाला?"

नळा उठला. कळसाच्या किती वर गेला, यावर गावात अजून एकमत नाही.

गलका ओसरल्यावर अप्पा कुठेच दिसेनात. कौसाबाईंबरोबर मी घरी आलो. दार आतून लावलेले. त्यांनी थाप मारली.

"कोण हाय?" आतून अप्पांचा आवाज आला.

"मी हाय. उघडा."

चुलीपुढचा पाट सरकल्याचा आवाज झाला. कडी मात्र निघाली नाही.

"आधी हात दाखव!"