शिवणीतली माया

शिंपीणबाई माझा ब्लाउज आत घेत होत्या आणि मी त्यांची सुई बघत बसले होते. "पुन्हा बारीक झालात की! नशीबवान आहात, ताई," त्या म्हणाल्या. हे बारीक होणं नशिबाचं नव्हतं, आजाराचं होतं. चाळिशीत रक्तात साखर निघाली म्हणून वर्षभर गोळ्या घेतल्या, पथ्य पाळलं, तरी ती चढतच राहिली. परवा वेगळी रक्ततपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "हा नेहमीचा मधुमेह नाही. तुमच्याच शरीराची राखण करणाऱ्या पेशी इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींना शत्रू समजून हळूहळू मारताहेत. अजून थोडं इन्शुलिन बनतंय. पुढे मात्र इंजेक्शन लागणारच."

तेव्हापासून मला माझ्याच अंगाची भीती वाटते. आत्ता, इथे बसल्याबसल्याही, आत कात्री चालली असेल आणि मला साधं दुखतसुद्धा नाही.

"माया कापत नाही हं," शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड दाखवत बाई म्हणाल्या. "अंग भरलं की उसवून देईन."

मी त्या चिंचोळ्या पट्टीवर बोट फिरवलं. किती उरली आहे, ते तिथे निदान दिसत तरी होतं.