मिश्रीचा आळ

माझे थोरले काका जाऊन जमाना झाला, तरी त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

मंगळवार पेठेत आम्ही त्यांच्याच घरात राहायचो. काका स्टेशनच्या यार्डात कामाला. त्यामुळे घरातली लाकडं बंद होऊन दगडी कोळसा आला आणि त्याचा त्यांना कोण तोरा! स्वयंपाकघराला धुराडं नव्हतं. शेगडीच्या वर बांबूच्या पट्ट्यांची जाळी टांगलेली असायची. पावसाळ्यात मिरच्या सर्द होऊ नयेत म्हणून त्या तिच्यावर पसरायच्या, शेजारी मक्याची कणसं. तीच मिरची चटणीत, तोच मका भाकरीत. धुराचा वास लागलेली आमची चटणी आल्यागेल्याला फार आवडायची.

दुधाचे दात पडून माझे नवे दात आले, ते डागाळलेलेच. खडूसारखे पांढरे पट्टे आणि त्यांत तपकिरी ठिपके. काकांनी माझा जबडा धरून उजेडाकडे वळवला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "ही मिश्री हाय. आईनंच शिकिवलीया."

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. पेठेतल्या कितीतरी बायका ती दातांना लावायच्या. आई लावत नव्हती. पण थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. ती पदर पुढे ओढून भिंतीकडे बघत म्हणाली, "म्या मिश्रीला हात बी लावलेला न्हाय." भिंतीनं ऐकलं असेल. माझे वडील थोरल्या भावापुढे ब्र काढत नसत. ते चपला घालून बाहेर गेले.

मग काकांनी शेगडीतलीच राख माझ्या तळहातावर ठेवली आणि हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासायला लावले. डाग तसूभर हलला नाही. मिश्री असती तर थोडी तरी निघाली असती, एवढंही त्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही. उलट फर्मान सुटलं, "धाकटीला आता आईपाशी ठेवायची न्हाय."

धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचं अंगावरचं दूध नुकतंच सुटलं होतं. मामा येऊन तिला शाहूवाडीला आजोळी घेऊन गेला. ती रडत कडेवरून मागे बघत होती आणि आई शेगडीपुढे बसून कोळसे फुंकत राहिली.

आजोळी लाकडाची चूल होती. काही वर्षांनी बहीण दिवाळीला आली, तेव्हा तिचे नवे दात पांढरेशुभ्र आलेले. काकांनी तिला गल्लीभर हसवून दाखवली. "बघा, आईपासनं तोडली म्हणून वाचली!" तिनं ते ऐकलं आणि खरं मानलं. पुढे ती आजोळीच वाढली, तिथूनच लग्न होऊन गेली. आईशी ती शेवटपर्यंत पाहुण्यासारखी वागली.

परवा कवळीचं माप द्यायला गेले, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझे उरलेसुरले दात पाहून विचारलं, "लहानपणी घरात काय जाळायचे?" दगडी कोळसा म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. काही कोळशांच्या धुरात फ्लोराइड असतं म्हणे. ते वर वाळणाऱ्या धान्यात, मिरच्यांत बसतं आणि पोटातून उगवत्या दातांत उतरतं. अंगातल्या जस्ताबद्दलही त्या काहीतरी बोलल्या, ते माझ्या डोक्यावरून गेलं. मला काकांचा जबडा धरावासा वाटत होता.

घरी येऊन बहिणीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "काय बी सांगू नगंस. त्या दिवाळीला म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. आई उंबऱ्यात बसून मिश्री लावत हुती, काकांच्या म्होरंच."

"लावत हुती की," मी म्हणाले. "तुला नेलं त्या दिवसापास्नं. त्येच्या आदी कधीच न्हाय."