माझी सवत, म्हणजे मीच

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येत आहे की, माझ्या नवऱ्याला दोन बायका असल्याचा संशय एकेकाळी जर्मनीतल्या एका सरकारी कचेरीला आला होता. त्या दोन्ही बायका मीच होते. हे सिद्ध व्हायला बरेच महिने गेले, आणि त्या महिन्यांइतकी मजा मी आयुष्यात फार कमी वेळा केली आहे. कारण सिद्ध मला करायचं नव्हतं. सासूबाईंना करायचं होतं.

आता सगळं नीट, पहिल्यापासून सांगते. नावं मात्र कोणाचीच सांगणार नाही. या प्रकरणात नावांनी आधीच पुरेसा धुमाकूळ घातला आहे.

मी हेर्त्सोगेनआउराखला राहते. गाव एवढंसं आणि कंपन्या अगडबंब, अशातल्या एका कंपनीत यंत्रांचे सुटे भाग तपासते. लग्न केलं ते चाळिशी दारात आल्यावर. नवरा सांगलीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. माझी नोकरी पक्की, जर्मनीत कायम राहायचा परवानाही हातात, म्हणून त्याने इकडे यायचं ठरलं. नाव बदलणार नाही, पहिलंही नाही आणि आडनावही नाही, हे मी साखरपुड्यालाच जाहीर केलं होतं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "बरं बाई, तुझी मर्जी." मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. पण इतकी वर्षं जर्मनीत काढल्यावर माणूस भोळा होतो. तिथे कोणी 'बरं' म्हणालं तर त्याचा अर्थ 'बरं' एवढाच असतो.

लग्न लागलं, आणि गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजनाला तांदळाचं ताट पुढे आलं. नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं. सासूबाई त्याच्या कानाशी वाकल्या, आणि या भल्या माणसाने तांदळात एका भलत्याच बाईचं नाव लिहिलं. तीन अक्षरी, सोज्वळ, कोणत्याही देवीला शोभावं असं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा तांदळाकडे पाहत होता. मागून माझे वडील सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग आम्ही बारसं कशाला केलं होतं?"

खोलीभर हशा पिकला. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून माझे वडील त्यांच्या तोंडी 'तुझ्याकडचे ते' झाले. वडिलांचं नाव त्यांनी पुन्हा म्हणून उच्चारलं नाही.

माझी रजा संपली, मी परत आले. तिकडे सासूबाईंनी नव्या नावाने पेढे वाटले. दारावर पितळी पाटी लावली, वर मुलाचं नाव, खाली 'सौ.' आणि ते तीन अक्षरी. कॉलनीत सगळ्यांना तेच नाव पाठ. मी फोनवर म्हटलं, "आई, ही पाटीवरची बाई कोण?" तर म्हणाल्या, "तुला काय फरक पडतो? तू थोडीच इथे राहतेस?"

हे वाक्य मी जपून ठेवलं.

मग अर्ज. नवऱ्याला किंवा बायकोला मागाहून आणण्याला इकडे फामिलियेननाखत्सुग म्हणतात. शब्द लांब आहे, आणि काम शब्दाहून लांब. माझ्या पगाराची तपासणी झाली. फ्लॅटमध्ये आणखी एक पुरुष मावतो, असं घरमालकीणबाईंनी लिहून दिलं. देताना विचारलं, "उंच आहे का?" नवऱ्याने पुण्याला जाऊन जर्मनची परीक्षा दिली आणि बटाटे विकत घेण्याइतपत भाषा पैदा केली. मग मोठ्या विश्वासाने नोकरीचा राजीनामा दिला आणि घरी बसून आईच्या हातचा उपमा खाऊ लागला. हे विसरू नका. तो बिचारा खरंच अधांतरी लटकला होता. कॉलेजात त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता, आणि व्हिसा आला नाही तर आमचा संसार फोनमध्येच राहणार होता.

एकच गोष्ट उरली होती. लग्न खरं आहे की परवान्यासाठी रचलेलं, हे पाहायला वकिलातीतर्फे एक स्थानिक वकील घरी जाऊन चौकशी करतात. आम्हाला वाटलं, यात काय अवघड आहे? चारशे माणसं जेवून गेलेली.

काही आठवड्यांनी मला परकीयांच्या कचेरीत बोलावणं आलं. समोरच्या बाई माझ्याच वयाच्या, केस आखूड, टेबलावर निवडुंगाची कुंडी. त्यांनी कागद सरळ केले आणि अगदी हळुवारपणे, डॉक्टर वाईट बातमी देतात तसं म्हणाल्या, "तुमच्या पतीच्या घरी त्यांची पत्नी असल्याचं दिसतं. तुम्ही नव्हे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

वकीलसाहेब सांगलीला जाऊन आले होते. त्यांनी सासूबाईंना सुनेचं नाव विचारलं, सासूबाईंनी तीन अक्षरी सांगितलं. शेजारच्या काकूंना विचारलं, त्यांनीही तेच. वर "गुणी आहे हो पोरगी" हे स्वतःहून जोडलं. दारावर पाटी तीच. माझं नाव ऐकून तर काकू म्हणाल्या होत्या, "अशी कोणी बाई इथे नाही."

"या बाई कोण?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"मीच."

"आल्झो, म्हणजे तुम्ही नाव बदललंत."

"नाही."

"मग कोणी बदललं?"

"सासूबाईंनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यांना तसा अधिकार आहे?"

बाई, कुठे होतात तुम्ही इतके दिवस? हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. आईने नाही, मैत्रिणींनी नाही, नवऱ्याने तर नाहीच. मी म्हटलं, "नाही. अजिबात नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं त्या म्हणाल्या, आणि त्या एका शब्दाने मला जे सुख झालं ते हळदीतही झालं नव्हतं.

माझा खुलासा चालणार नव्हता, कारण मी अर्जदाराची बायको. नवऱ्याचाही नाही. वकील पुन्हा जातील आणि त्या घरातल्या कोणीतरी त्यांना सांगायचं की ही आणि ती एकच, दुसरी बायको नाही. मी निवडुंगाचेसुद्धा आभार मानून बाहेर पडले.

नवरा फोनवर म्हणाला, "सोपं आहे. बाबा सांगतील."

"बाबा नाही. आई सांगतील."

"अगं, बाबा पटकन सांगून मोकळे होतील. आईचं तुला माहितीये ना."

"माहितीये म्हणूनच."

"तुला मी हवाय की सूड?"

"दोन्ही. एकाच अर्जात."

मग दर रविवारी स्काइपवर शिकवणी सुरू झाली. मी इकडे चहाचा कप घेऊन परीक्षकासारखी बसायची. पलीकडे सासूबाई, फोटोला बसाव्यात तशा, इस्त्रीच्या साडीत. त्यांच्या मागे सासरे पेपर वाचत. सासरे अत्यंत मितभाषी. एका वाक्यात दिवस काढतील.

"आई, मी वकील आहे असं समजा. काकू, तुमच्या सुनेचं नाव काय?"

त्या तीन अक्षरी म्हणायच्या.

"झाला व्हिसा नामंजूर. परत."

"अगं, जिभेला वळणच नाही तुझ्या नावाचं."

"तुमच्या मुलाला जर्मन आलं, तुम्हाला माझं नाव येईल. परत. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."

"तुझ्याकडच्या त्यांचं कशाला मध्ये?"

"पासपोर्टवर 'तुझ्याकडचे ते' असं छापलेलं नाही, आई."

काय सांगू. पहिल्यांदा त्यांनी माझ्या वडिलांचं नाव घेतलं तेव्हा कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड झालं. मी म्हटलं, आवाज तुटला, पुन्हा म्हणा. आवाज मुळीच तुटला नव्हता. पुढच्या रविवारी मी वडिलांनाच शेजारी, म्हणजे स्क्रीनच्या दुसऱ्या चौकोनात, आणून बसवलं. त्यांनी डोळे मिटून स्वतःचं नाव विहीणबाईंच्या तोंडून तीनदा ऐकलं आणि म्हणाले, "उच्चार सुधारतोय."

एकदा सासूबाई चिडल्या. "एवढं काय नावाचं? माझंही बदललं होतं माझ्या सासूने. मी कुठे कचेरीपर्यंत नेलं?"

"मूळचं काय होतं?"

"आता कशाला ते? चल, विचार पुढचं."

मी पुढचं विचारलं. मला तेव्हा माझ्याच नावात रस होता.

नवरा आला, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. न्युर्नबेर्गच्या विमानतळावर लोणच्याच्या बरणीसकट उतरला. आमच्या घराच्या घंटीवर त्याचं नाव माझ्या नावाच्या खाली आहे. पोस्टमन त्याला माझ्या आडनावाने हाक मारतो, आणि तो 'या, या', म्हणजे जर्मनमध्ये 'हो, हो', करत पार्सलं घेतो. सांगलीची पितळी पाटी उतरली. पण ती ज्या दिवशी उतरायची ठरली, तो दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मी उठणार नाही.

वकीलसाहेब दुसऱ्यांदा येणार त्या सकाळी नवऱ्याने लॅपटॉप टीव्हीच्या कपाटावर उघडाच ठेवला होता. अर्थात मी सांगितलं म्हणून. इकडे कामावर जायला अजून वेळ होता. मी ब्रेडला लोणी लावत नाट्यगृहात बसल्यासारखी बसले होते.

वकील आले. शेजारच्या काकूही आल्या, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चहा झाला.

"काकू, तुमच्या सुनेचं नाव?"

सासूबाईंनी पदर सारखा केला आणि माझं नाव, माझ्या वडिलांचं नाव आणि माझं माहेरचं आडनाव, एका दमात, स्वच्छ सांगितलं. माझ्या हातातला ब्रेड तसाच राहिला.

"मग मागच्या वेळी सांगितलंत ती कोण?"

"कोणी नाही. ते नाव मी ठेवलं होतं. तिला न विचारता."

शेजारच्या काकू म्हणाल्या, "अय्या, म्हणजे ती गुणी पोरगी ही नव्हे?"

"हीच ती," सासूबाई म्हणाल्या. "आणि गुणी म्हणाल तर..." पण वकीलसाहेबांनी हात वर केला. "ती पाटी काढून टाका," ते म्हणाले. "आणि आता तुमचं नाव सांगा, जबाब देणाऱ्याचं. माहेरचंही सांगा, उगाच तिसरी फेरी नको."

सासूबाई थांबल्या. आता माझंच नाव चुकून म्हणतात की काय, अशी मला धास्ती वाटली. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांच्या सासूचा हार घातलेला फोटो होता. मग त्या फोटोच्या रोखाने, मला शिकवणीत एकदाही मिळाला नव्हता अशा खणखणीत आवाजात, त्यांनी एक नाव सांगितलं. चार अक्षरी, थोडं मिश्कील, कोणत्याही देवीला न शोभणारं. पुढे त्यांच्या वडिलांचं नाव. पुढे आडनाव. "नीट लिहा," त्या वकिलांना म्हणाल्या. "वाचून दाखवा बघू."

वकिलांनी वाचून दाखवलं. मला इतके महिने वाटत होतं की हा सूड माझा आहे. माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी रांग मोडून पुढे घुसलं होतं, आणि सुटून चाललेल्या साडीच्या निऱ्या सावरत, फोटोकडे पाहत गालात हसत होतं.

मागे पेपर खाली आला. चाळीस वर्षांच्या संसारात जेमतेम चाळीस वाक्यं बोललेले माझे सासरे चष्मा कपाळावर चढवून आधी बायकोकडे आणि मग वकिलांकडे बघत म्हणाले,

"अहो साहेब, म्हणजे आता माझ्याही दोन झाल्या की."