दौलत सकपाळच्या ओळखी

आमच्या कंपनीत एचआरला प्राची नावाची मुलगी आहे. मध्यंतरी तिने आम्हा सगळ्यांना एका खोलीत बसवून 'नेटवर्किंग'वर दीड तासाचं सेशन घेतलं. माणसं कशी जोडावीत, जोडलेली कशी टिकवावीत, काम नसतानाही अधूनमधून फोन कसा करावा. पडद्यावर एकमेकांशी हात मिळवणारे गोरे लोक हसत होते. मला आधी हसू आलं आणि मग चीड आली. हा सगळा अभ्यासक्रम कोळून प्यायलेला एक माणूस मी पाहिलाय. त्याचं पुढे काय झालं तेही पाहिलंय, आणि त्यात माझा वाटा किती हे मला पक्कं ठाऊक आहे.

दौलत सकपाळ. मूळचा खेडकडचा, राहायला टिटवाळ्याला, आणि नोकरी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये रोड नंबर सोळाच्या एका कंपनीत मेंटेनन्स फिटरची. सव्वीस वर्षं एकाच ठिकाणी. पण हात असा की आजूबाजूच्या गाळ्यांत मशीन अडलं तरी लोक त्यालाच बोलवायचे, आणि त्याचे साहेब त्याला सोडायचेही. त्यामुळे इस्टेटभर त्याचा वावर. कुठल्या गाळ्यात टर्नर टिकत नाही, कुठला वेल्डर गावाला गेलाय तो परत येणार नाही, कुणाकडे दोन महिन्यांनी नवं मशीन उतरणार आहे, हे सगळं त्याला माहीत. आणि आंबिवलीपासून डोंबिवलीपर्यंत कोण घरी बसलाय, हेही माहीत. ही दोन टोकं तो जुळवून द्यायचा. त्याबद्दल त्याने कुणाच्या चहाचीही कधी अपेक्षा केली नाही. मी आज जिथे स्टोअर सांभाळतो तिथे मलाही त्यानेच लावलं, एकोणीस वर्षांपूर्वी.

त्याचा हुकमी दिवस म्हणजे खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इस्टेटमधल्या गाळ्यागाळ्यांत यंत्रांची पूजा असते. मशीन धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात, आणि त्या दिवशी वॉचमन गेटपास विचारत नाही. वर्षभर केबिनबाहेर तासभर बसवणारा शेठही दारात उभा राहून "या, या" करतो. दौलत त्या दिवशी घरी बसलेल्या एकदोघांना इस्त्रीचे कपडे घालायला लावून सोबत घ्यायचा आणि तीसेक गाळे फिरायचा. प्रसाद घेताना शेठला एवढंच म्हणायचा, "हा आपल्यातलाच." बास. त्या दिवशी कामाचा विषय काढायचा नाही, नुसतं तोंड दाखवायचं, हा त्याचा नियम. दिवाळीनंतर त्यातल्या एखाद्याला फोन यायचाच.

इस्टेटचा एक अलिखित कायदाही होता. स्वतःबद्दल स्वतः बोलायचं नाही. आपल्याबद्दल दुसऱ्याने बोलायला हवं, तरच त्या बोलण्याला वजन. जो स्वतःच तोंड उघडतो त्याच्यात काहीतरी खोट असणार, असंच शेठ लोक धरून चालतात. दौलतने निदान शंभर जणांसाठी तोंड उघडलं असेल. त्याच्यासाठी कुणी उघडायची वेळच कधी आली नव्हती.

ती आली गेल्या वर्षी. त्याच्या कंपनीने सगळं गुजरातला हलवलं. तरुण पोरांना तिकडे येता का म्हणून विचारलं, दौलतला हिशेब करून मोकळं केलं. वय त्रेपन्न. मुलगी सान्वी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. तिने मोबाइलवर त्याचं लिंक्डइनचं खातं उघडून दिलं आणि हे तुम्हाला आवडेल म्हणाली, बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच तर करताय. पण दौलतने ज्यांना कामाला लावलं ते लोक तिथे नव्हतेच. मग त्याने सरळ फोन लावायला सुरुवात केली.

फोन सगळ्यांनी उचलले. तेवढं प्रेम होतं. पण प्रत्येकजण तेच म्हणाला, दादा, तुम्हाला काय कमी, तुमच्या एवढ्या ओळखी. कुणाला वाटलं चेष्टा करतोय, कुणाला वाटलं कुणा तिसऱ्यासाठी विचारतोय. दोघांनी तर उलट आपल्याच मेहुण्याचं काम त्याच्या गळ्यात घातलं. काहीजण त्याच्या पाठीमागे असंही बोलले की एवढी माणसं लावली ती काय फुकट लावली असतील, कल्याणला नक्की गाळा घेऊन ठेवला असेल. हे बोलणाऱ्यांतले दोघे दौलतमुळे दोन वेळचं खात होते. मला राग येतो तो त्यांचा नाही. ते निदान मागे तरी बोलले.

दौलतने मला फोन केलाच नाही. तो खंडेनवमीला आमच्याकडे आला. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, आणि पहिल्यांदाच एकटा.

आमचे शेठ म्हणजे सलिल. वडिलांनंतर तोच कंपनी बघतो. माणूस वाईट नाही. दौलतला पाहून त्याला खरंच आनंद झाला. प्रसादाचा खोका हातात देत तो म्हणाला, "दौलतराव, बरं झालं आलात. आमचा मेंटेनन्सचा माणूस सोडून गेलाय. कोणी आहे का तुमच्याकडे?"

दौलतने माझ्याकडे पाहिलं. मी सलिलच्या बाजूलाच उभा होतो. त्या नजरेचा अर्थ मला कळला नाही, असं म्हणायची सोय नाही. शेठ, हेच आहेत, यांनाच घ्या. एवढं एक वाक्य माझ्याकडून हवं होतं. पण सलिलपाशी माझा शब्द वर्षातून एकदा चालतो, दोनदा नाही. तो मी माझ्या भाच्यासाठी, अनिमेषसाठी राखून ठेवला होता. मी खाली वाकलो आणि नारळाची शकलं ताटात नीट लावू लागलो. ती आधीच नीट लावलेली होती.

मग दौलतने स्वतःच तोंड उघडलं.

"मीच येतो की, शेठ."

सलिल मनापासून हसला. "तुम्ही? अहो, अख्खी इस्टेट तुमच्या खिशात. आमच्याकडे कशाला येताय."

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. आमचं हसून झाल्यावर दौलत हसला, आणि म्हणाला, आंबिवलीला संदेश म्हणून एकजण आहे, पस्तिशीचा, कामाला चोख आहे, पाठवून देतो. खोका घेऊन तो गेला. त्या दिवशी पुढच्या गाळ्यांत तो गेलाच नाही, हे मला नंतर कळलं.

अनिमेषचं म्हणाल तर तो शेवटी बंगळूरला गेला, माझ्या शब्दावाचूनच. राखून ठेवलेला माझा शब्द अजून तसाच पडून आहे.

दौलत आता कल्याणला खडकपाड्याच्या एका सोसायटीत वॉचमन आहे. एजन्सीच्या फॉर्मवर ओळखीच्या दोन माणसांची नावं लिहायची होती. त्याच्या बायकोने, कलावतीवहिनींनी, माझ्या बायकोला सांगितलं, त्याने बराच वेळ पेन हातात धरून ठेवलं आणि मग एक बायकोच्या भावाचं नाव लिहिलं, एक दूधवाल्याचं. वहिनी हे रडतबिडत सांगत नव्हत्या. बायकोने घरी येऊन मला विचारलं, तुमचं नाव का नाही हो लिहिलं? मी टीव्हीचा आवाज वाढवला.

संदेशचं सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर तो आमच्याकडे लागला. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि वाकून पाया पडला. मी विचारलं, हे कशाला?

"दौलतदादांनी सांगितलं मला. शेठजवळ तुम्ही शब्द टाकलात म्हणून काम झालं, नाहीतर कोण घेणार होतं. पहिला पेढा तुम्हालाच द्यायचा, म्हणाले."

मग माझ्या लक्षात आलं. मला लावलं तेव्हाही दौलतने हेच केलं होतं. आतल्या एका सुपरवायझरचं नाव सांगून पेढे घेऊन मला त्याच्याकडे पाठवलं होतं. आतल्या माणसाला मोठेपणा दिला की तो नव्याला सांभाळून घेतो, हे त्याचं गणित. शंभर जणांनी असेच शंभर भलत्या लोकांना पेढे दिले असतील. कुणाकडे त्याचं येणं राहिलंच नाही, कारण ते त्याने स्वतःच्या नावावर ठेवलंच नव्हतं.

संदेश बॉक्स उघडून उभा होता. खरं काय ते सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. बाजूच्या टेबलावरचे दोघे आमच्याकडे बघत होते.

मी एक पेढा उचलला. म्हणालो, "ठीक आहे, ठीक आहे. काम नीट कर. मी शब्द टाकलाय, माझं नाव घालवू नकोस."